पट्ट्यामुळे मांजराला झालेली जखम: घरी काय करावे, डॉक्टरांकडे कधी न्यावे

मांजराच्या गळ्यातला पट्टा दोन तऱ्हेने जखम करतो. पहिली तऱ्हा घट्ट पट्ट्याची. पिल्लू दोन महिन्यांचे असताना हौसेने घुंगरू बांधले जाते, तेव्हा ते जेमतेम किलोभराचे असते. चार महिन्यांचे होईतो वजन दोन किलोंच्या आसपास जाते, मान भरते, पट्टा मात्र तेवढाच राहतो. आधी तिथले केस जातात, मग कातडी सोलवटते आणि शेवटी पट्टा कातडीत रुततो. काही वेळा त्याच्यावर मांस वाढून तो दिसेनासाही होतो.

दुसरी तऱ्हा सैल पट्ट्याची. मांजर पट्टा काढायला धडपडते, पुढचा पाय त्यात अडकतो आणि पट्टा मानेच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूच्या काखेत येऊन बसतो. मग प्रत्येक पावलागणिक तो काखेतली कातडी कापत जातो. ही जखम जास्त वाईट. का, ते पुढे सांगते.

आपल्याकडे हा ‘पट्टा’ पुष्कळदा दुकानातला नसतोच. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला काळा दोरा, लाल नाडा, सुतळी, जुनी राखी, केसांचा रबर, असे काहीही असते. दोरा आणि रबर बारीक असल्यामुळे रुंद पट्ट्यापेक्षा लवकर रुततात, आणि केसांत इतके लपतात की घरच्यांना पत्ताच लागत नाही.

पाहायचे कसे

मांजर दुखणे लपवते. ओरडत नाही, उलट कधी घुरघुरतेही, त्यामुळे घुरघुर ऐकून निर्धास्त राहू नका. डोळ्यांआधी नाकाला कळते: मांजर जवळ आले की कुजकट, गोडसर वास येतो. मानेचे केस ओले, चिकट, जटा झालेले लागतात. ते मागच्या पायाने मान खाजवत राहते, लंगडते, उडी मारायचे टाळते, किंवा गळ्याभोवती माशी घोंघावते. यातले एकही दिसले तर बोटे केसांच्या उलट दिशेने फिरवत मान पूर्ण चाचपा. मग पुढचा एकेक पाय हलकेच बाजूला उचलून काख बघा. पाय खाली असताना तिथली जखम नुसती ओली रेघ दिसते. उचलल्यावर कळते की कातडी उघडी पडली आहे आणि आत लालभडक मांस आहे.

धरायचे कसे

खोलीची खिडकी-दार लावा, पंखा बंद करा, सगळे सामान आधी हाताशी घ्या. एकाने धरायचे, एकाने काम करायचे. एकट्याने हे करू नये. जाडसर टॉवेल पसरून मांजर त्यावर बसवा आणि बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसे पाय आत घेऊन गुंडाळा, फक्त डोके किंवा जखमेची बाजू मोकळी ठेवा. मानगूट धरून लोंबकळवू नका. जखम तिथेच असते.

मांजर रस्त्यावरचे, अनोळखी असेल तर हाताने पकडायला जाऊ नका. पिंजरा लावा किंवा जवळच्या प्राणिमित्र संस्थेला बोलवा. मांजराचे दात बारीक आणि लांब असतात. वर टोचल्याइतके भोक दिसते, पण जंतू खोल गेलेले असतात. चावले किंवा ओरबाडले तर ती जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारा. घरच्या मांजराच्या बाबतीतही हे टाळू नका.

पट्टा काढणे

पट्टा तिथे असेपर्यंत कुठलेही मलम उपयोगाचे नाही. तो निघाला की अर्धा उपचार झाला. पण ओढायचा नाही, कापायचा. बोथट टोकाची कात्री घ्या (बँडेज कापायची कात्री मेडिकलमध्ये मिळते). पट्टा आणि कातडी यांच्यामध्ये आपले बोट सरकवा आणि बोटाच्या वर कात्री चालवा, म्हणजे लागलेच तर बोटाला लागेल. कापायची जागा जखमेपासून लांबची निवडा. पाय अडकला असेल तर पाठीच्या किंवा खांद्याच्या बाजूला पट्ट्याखाली थोडी जागा मिळते. बकल किंवा घुंगरू जखमेतून ओढले जाऊ नये म्हणून पट्टा दोन ठिकाणी कापा आणि तो भाग आधीच वेगळा करा. पू सुकून पट्टा चिकटला असेल तर कोमट सलाईनने (म्हणजे मिठाच्या पाण्याने, ते कसे करायचे ते ‘जखम धुणे’ या भागात आहे) भिजवलेला गॉज पाच-दहा मिनिटे ठेवा, आपोआप सुटतो.

बोट सरकत नसेल, पट्टा मांसात गेला असेल, तर हात लावू नका. मांजर टोपलीत घाला आणि डॉक्टरांकडे जा. असा पट्टा भूल देऊनच काढावा लागतो. दोरा असेल तर कापलेले सगळे तुकडे जुळवून बघा आणि डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या. इंचभर दोरा आत राहिला तरी वर खपली धरलेली जखम पुन्हा पुन्हा फुटत राहते.

घरी की दवाखान्यात?

नुसते केस गेलेत, कातडी लाल आहे, वरवर सोलवटले आहे, मांजर खाते-पिते-खेळते आहे: हे घरी बरे होते. बाकी सगळे दवाखान्यात. काखेतली कुठलीही जखम, कातडी आरपार फाटलेली, पू किंवा वास, अळ्या, सुस्तपणा, ताप (मांजराचे नेहमीचे तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असते), एक दिवस अन्न न घेणे. लहान पिल्लू असेल तर त्याच दिवशी न्या.

मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचे रुग्णालय जुने आणि सर्वांना माहीत असलेले. जिल्ह्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असते. तिथे गाई-म्हशीच बघतात असे समजून पुष्कळ लोक जातच नाहीत. जाऊन विचारा.

जखम धुणे

मेडिकलमधली नॉर्मल सलाईनची बाटली सगळ्यात सोयीची. ती नसेल तर अर्धा लीटर पाणी उकळून कोमट करा आणि त्यात चहाचा सपाट चमचा पूर्ण भरणार नाही इतके, साधारण साडेचार ग्रॅम मीठ विरघळवा. २० मिलीच्या सिरिंजची सुई काढून टाका आणि जखमेवर धार धरा. घाण, सुकलेला पू, केस वाहून जाईपर्यंत धुवा. कापूस वापरू नका, त्याचे तंतू चिकटतात. गॉजने टिपा, घासू नका.

कडेचे केस कात्रीने कापायला जाऊ नका. मांजराची कातडी इतकी पातळ आणि ढिली असते की केसांच्या जटेबरोबर तीही कात्रीत येते. छोटे ट्रिमर असेल तर जखमेत आधी पाण्यात विरघळणारी जेली भरा, म्हणजे कापलेले केस तिला चिकटतील आणि जेलीबरोबर धुऊन निघतील. ट्रिमर नसेल तर केस राहू द्या, डॉक्टर काढतील.

जंतुनाशक हवेच असेल तर पोव्हिडोन आयोडिन पाण्यात फिक्या चहाचा रंग येईपर्यंत पातळ करून वापरा. एका भागाला साधारण दहा भाग पाणी. बाटलीतले तसेच ओतू नका, नवे येणारे मांस त्याने मरते. दिवसातून दोनदा, सौम्य जखमेला एवढे पुरते.

काय लावू नये

या भागाकडे नीट लक्ष द्या, कारण प्रेमापोटी केलेल्या उपायांनीच मांजरे जास्त आजारी पडतात. मांजर अंगाला लावलेले सगळे चाटते, आणि माणसाचे यकृत जी रसायने सहज निकामी करते त्यांतली कित्येक मांजराच्या यकृताला जमत नाहीत. डेटॉल आणि फिनाइल ही त्यांच्यासाठी विषे आहेत. सेट्रिमाइड असलेल्या जंतुनाशकांनी तोंड आणि जीभ सोलवटते. टर्पेंटाइन, निलगिरीचे तेल, टी ट्री तेल, कापूर नको, आणि गुरांच्या जखमेवर मारायचे बरेच स्प्रे याच तेलांचे असतात, तेव्हा बाटलीमागचे वाचा. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेची कड जाळतात. हळदपूड, चुना, कॉफी, राख आत बसून खडा होते आणि डॉक्टरांना ती खरवडून काढावी लागते. आजीच्या हळदीबद्दल मला आदरच आहे, पण ती माणसाच्या कापलेल्या बोटासाठी ठेवूया.

पोटात द्यायच्या गोळ्यांचे तर नावच नको. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. त्याने रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद जाते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकही नको. कुत्र्यांसाठीची पिसवांची औषधे पर्मेथ्रिनची असतील तर तीही मांजराला झटके आणतात.

पावसाळा आणि अळ्या

जून ते सप्टेंबर उघड्या जखमेवर माशी बसली की एका दिवसात अळ्या पडू शकतात. त्या पट्ट्याखाली, केसांच्या आड वाढतात आणि आत पोखरत जातात. अशा वेळी सलाईनने धुवा, वरच्या दिसतील तेवढ्या चिमट्याने काढा, जखम ओल्या गॉजने झाका आणि लगेच निघा. टर्पेंटाइनचा बोळा घालण्याची जी पद्धत गुरांसाठी चालते ती मांजराला चालत नाही.

काखेतली जखम का भरत नाही

काखेतली कातडी प्रत्येक पावलाला ताणली जाते आणि सैलावते. शिवाय तिथे ओल असते आणि हवा लागत नाही. त्यामुळे जखम वरून आवळून येते, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि काही आठवड्यांनी मांजराने एक मोठी उडी मारली की ती तशीच उघडते. टाके घातलेलेही उसवतात. महिनोन्महिने मलम लावत बसलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या मायेत काही कमी नव्हते, जखमेला मलमाने भरायची सोयच नव्हती.

म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना स्पष्ट विचारा: शस्त्रक्रिया लागेल का, आणि ती तुम्ही कराल की दुसरीकडे पाठवाल? चांगल्या शस्त्रक्रियेत जुनी, घट्ट झालेली कड पूर्ण काढतात आणि शेजारची रक्तपुरवठा असलेली कातडी वळवून तिथे बसवतात. फारच हट्टी जखमेत पोटातल्या अवयवांवरचा चरबीचा पडदा, म्हणजे ओमेंटम, कातडीखालून काखेपर्यंत आणतात. त्याच्याबरोबर रक्तवाहिन्या येतात आणि जखमेला आतून पोषण मिळते. खर्च होतो, हे खरे. जखम जुनी आणि भरतच नसेल तर रक्ताच्या तपासणीत एफआयव्ही आणि एफईएलव्ही या मांजरांची रोगप्रतिकारशक्ती खालावणाऱ्या विषाणूंचीही तपासणी करून घ्या.

नंतरची काळजी

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात, काखेचे असतील तर त्याहून उशिरा. तोवर मांजर एका लहान खोलीत किंवा मोठ्या पिंजऱ्यात राहू दे. कपाटावर उडी नाही, गॅलरी नाही.

चाटू नये म्हणून प्लॅस्टिकचा कोन घालतात, पण जखम मानेवर असेल तर कोनाची कड तिथेच घासते. अशा वेळी मागच्या पायांची नखे कापा आणि पंजांवर लहान बाळाचे मोजे चढवा. काखेच्या जखमेसाठी बाळाचे सुती झबले उत्तम. बाह्या कापून भोके मोठी करा, शिवण काखेत रुतता कामा नये, आणि झबले रोज बदला. मानेभोवती बँडेज स्वतः गुंडाळू नका. सूज आली की ते आवळते.

डॉक्टरांनी दिलेले प्रतिजैविक ठरलेले सगळे दिवस द्या. डॉक्सिसायक्लिनची गोळी असेल तर तिच्यामागून सिरिंजने पाच-सहा मिली पाणी पाजा, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण होतो. दोन-तीन दिवस अन्न गेले नाही तर मांजराच्या यकृतावर चरबी चढते, विशेषतः ते लठ्ठ असेल तर. म्हणून जे खाईल ते द्या: कोमट करून वासाचे मासे, मीठ-कांदा-लसूण न घातलेले उकडलेले चिकन.

रोज त्याच अंतरावरून, शेजारी रुपयाचे नाणे ठेवून फोटो काढा. आतले मांस लाल, दाणेदार, हात लागल्यावर किंचित रक्त येणारे दिसले तर ठीक चालले आहे. ते फिके, चकचकीत किंवा काळपट झाले, वास परत आला, किंवा आठवडाभरात नाण्याच्या मानाने जखम लहान झाली नाही, तर फोटो घेऊन पुन्हा जा.

पुन्हा पट्टा घालायचा का?

केस पूर्ण येईपर्यंत तरी नाहीच. घरातच राहणाऱ्या मांजराला पट्ट्याची गरज नसते. ओळखीसाठी मायक्रोचिप बसवून घेता येते, आणि नसबंदी झालेल्या रस्त्यावरच्या मांजराच्या कानाला तशी खूण केलेली असते. घालायचाच तर ताण पडला की आपोआप सुटणारे बकल असलेला पट्टा घ्या. दुकानातच दोन्ही हातांनी झटका देऊन तो सुटतो का बघा. इलॅस्टिकचा घेऊ नका. ते ताणले जाते म्हणून सुरक्षित वाटते, पण त्याच ताणामुळे पाय आत शिरतो. मान आणि पट्टा यांत एक-दोन बोटे जावीत, त्याहून जास्त नाही. पिल्लाचा पट्टा दर आठवड्याला तपासा. इमारतीतली मुले खालच्या पिल्लांना दोरे-रिबिनी बांधत असतील तर त्यांना जवळ बोलावून ही दोन बोटे कशी घालायची ते दाखवा, आणि बांधलेले दोरे त्यांच्याच हातून सोडवून घ्या.