रॅम टाकली आठ जीबी, दिसते साडेतीन? या चुका टाळा

पीसी रखडतोय म्हणून चार जीबीची आणखी एक रॅम आणली, बसवली आणि सिस्टीमची माहिती उघडली, तर तिथे 'इन्स्टॉल्ड ८ जीबी' आणि लगेच पुढे 'यूजेबल (वापरता येणारी) ३.४५'. मग आपण तडक दुकानात जातो आणि रॅम बदलून मागतो. ही पहिली चूक, कारण बहुतेक वेळा रॅम धडधाकट असते. रॅम कुठे अडली आहे ते आधी बघा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. तिथे 'हार्डवेअर रिझर्व्हड' असा एक आकडा दिसतो, म्हणजे हार्डवेअरसाठी अडलेली, विंडोजला न मिळणारी रॅम. विंडोज ७ असेल तर तो रिसोर्स मॉनिटरमध्ये सापडेल. पुढचं सगळं या आकड्यावरून कळतं.

आकडा चार-साडेचार जीबी असेल तर विंडोज ३२-बिट आहे का ते बघा. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ बाइट्सचेच पत्ते मावतात, म्हणजे ४ जीबी. शिवाय ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क, बायोस (पीसी सुरू करणारं, बोर्डावरचं सॉफ्टवेअर) यांनाही त्यातलेच पत्ते द्यावे लागतात, म्हणून रॅमच्या वाट्याला तीन-साडेतीन उरतात. अशा मशीनला १६ जीबी लावलीत तरी फरक शून्य. यावर पॅच मारून ही मर्यादा उठवायचे उद्योग काही जण करतात. त्यात विंडोजच्या मूळ फाइल्समध्ये ढवळाढवळ होते आणि ड्रायव्हर (उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्रॅम) कधी दगा देतील याचा नेम नसतो. कामाच्या मशीनवर मी तरी ते करणार नाही.

खरा उपाय ६४-बिट विंडोज, पण तिथेही लोक घाई करतात. ३२ वरून ६४ वर नुसतं अपग्रेड होत नाही, विंडोज नव्याने टाकावं लागतं. आपल्याकडच्या जुन्या डीटीपीवाल्यांनी इथे जरा थांबावं. पीसीच्या मागे पॅरलल पोर्टला (प्रिंटरच्या जुन्या रुंद खाचेला) डोंगल, म्हणजे किल्लीसारखा तुकडा, लावून चालणारं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, दहा-पंधरा वर्षांचा स्कॅनर, पत्रिका छापणारा प्रिंटर, या प्रत्येकाला ६४-बिट ड्रायव्हर लागतो आणि कंपनीने तो काढलाच नसेल तर ते उपकरण तिथेच संपलं. १६-बिट प्रोग्रॅम तर ६४-बिट विंडोजवर चालतच नाहीत. तेव्हा फॉरमॅट मारण्याआधी एकेकाचा ड्रायव्हर शोधून ठेवा. मिळत नसेल तर ते मशीन आहे तसं राहू द्या आणि नवी रॅम दुसऱ्या पीसीत घाला.

आता सगळ्यात जास्त पसरलेला चुकीचा सल्ला. एमएसकॉन्फिग (विंडोज कसं सुरू व्हावं ते ठरवणारी खिडकी) उघडा, बूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, 'मॅक्झिमम मेमरी'वर टिक करा, आकडा वाढवा, रॅम मोकळी होईल! होत नाही. ती सोय रॅम कमी करून चाचणी घेण्यासाठी आहे, तिथला आकडा म्हणजे वरची मर्यादा. कुणीतरी कधीतरी तिथे ४०९६ (एमबी, म्हणजे ४ जीबी) लिहून ठेवलेलं असतं आणि आपण रॅम खराब म्हणून डोकं धरून बसतो. टिक काढा, रिस्टार्ट करा.

६४-बिट असूनही आठातली दोन जीबी गायब असेल तर संशय ग्राफिक्सवर घ्या. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल तर ते मुख्य रॅममधला तुकडा बाजूला काढतं, आणि एएमडीच्या मशीनमध्ये तो २ जीबीचा असणं नवीन नाही. बायोसमध्ये 'यूएमए फ्रेम बफर' असा पर्याय दिसला तर ५१२ एमबी किंवा ऑटो ठेवा. एक्सेल, टॅली, ब्राउझर एवढ्यावर भागत असेल तर तेवढं पुरतं, आणि गरज पडेल तेव्हा विंडोज ग्राफिक्सला रॅम देतंच. बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये मात्र हा पर्यायच नसतो. जुन्या बोर्डावर 'मेमरी रीमॅप' (अडलेल्या रॅमला ४ जीबीच्या वरचे पत्ते देणारी सोय) बंद असेल तर तेही चालू करा.

सगळ्यात फसवं लक्षण वेगळंच. इन्स्टॉल्ड १६ बरोबर, यूजेबल मात्र अगदी निम्मं. रॅमवर एक बारीक चिप असते, तिच्यातून बोर्डाला तिचा आकार कळतो. त्यामुळे आकार वाचला जातो, पण प्रत्यक्ष वापर सुरू करताना गाडी अडते आणि तो भाग बंद ठेवला जातो. म्हणजे दोष विंडोजमध्ये नाही, ते पुन्हा टाकून काही होणार नाही. वीज बंद करून रॅम काढा, सोनेरी कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि दोन्हीकडचे चाप 'टक्' वाजेपर्यंत दाबा. खोडरबर घासायची सवय सगळीकडे आहे, पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. मग एकेक रॅम एकेका स्लॉटमध्ये घालून बघा. दोन्ही रॅम एका स्लॉटमध्ये चालतात आणि दुसऱ्यात दोन्ही अडतात, असं दिसलं तर प्रोसेसरचं सॉकेट तपासायला द्या. मेमरी कंट्रोलर आता प्रोसेसरमध्येच असतो, त्यामुळे सॉकेटची एखादी पिन वाकली किंवा कूलर एका बाजूने जास्त आवळला गेला तरी अख्खा चॅनेल (प्रोसेसर आणि रॅममधला मार्ग) जातो. या पिना घरी टोकरू नका.

विंडोजच्या एडिशनची (होम बेसिक, होम प्रीमियम अशा प्रकारांची) अडचण क्वचितच येते. विंडोज ७ होम बेसिक ६४-बिट ८ जीबीवर थांबतं, होम प्रीमियम १६ वर. विंडोज १० होम १२८ जीबीपर्यंत जातं, तेव्हा त्या दिशेला शोधत बसू नका.

आणि १६ जीबीतली १५.८ दिसत असेल, तर काही बिघडलेलं नाही. थोडीफार प्रत्येक मशीनची जातेच.