बॅटरी बदलायच्या आधी अर्थिंग बघा

बेळगावच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीजवळ भर पावसात आमच्या २५ वर्षांच्या जीपची चावी फिरवली, तर नुसतं ‘टक्’. डॅशबोर्डचे दिवेही विझले. सगळे म्हणाले, बॅटरी गेली. मल्टिमीटर लावला तर १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली! मग मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरली आणि भावाला म्हटलं, “मार रे स्टार्टर.” आकडा ०.५ व्होल्टच्या आत हवा. इथे चक्क ९! म्हणजे बहुतेक व्होल्टेज बॅटरी आणि इंजिनच्या मधल्या अर्थिंगमध्येच वाया जात होतं. अर्थिंगची पट्टी, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह इंजिनला जोडणारी तांब्याची पट्टी, वरून धडधाकट दिसत होती, पण बोल्ट सोडल्यावर खाली हिरवट गंजाचा थर. खानापूर भागातला पाऊस तांबंही सोडत नाही. पॉलिश पेपरने तांबं लख्ख होईस्तोवर घासलं, बोल्ट घट्ट आवळला, वरून ग्रीस चोपडलं. पहिल्याच स्टार्टरला इंजिन सुरू झालं.