इंग्रजी अहवालात टक्केवारी लिहिताना या चुका टाळा

महापे, तुर्भे किंवा वागळे इस्टेटमधील कारखान्यांतून परदेशी ग्राहकांना जे इंग्रजी अहवाल आणि ईमेल जातात, त्यांत व्याकरण बहुधा ठीक असते. गोंधळ होतो तो टक्केवारीच्या वाक्यात. आकडा बरोबर असतो, पण तो कशाचा टक्का आहे हे वाक्य सांगत नाही, आणि समोरचा माणूस आपल्या सोयीचा अर्थ घेतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दोन टक्केवारींमधील फरकही टक्क्यांतच सांगणे. समजा, रिजेक्शनचे प्रमाण ८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले आणि आपण 'रिजेक्शन रेट फेल बाय टू पर्सेंट' असे लिहिले. काटेकोर वाचणारा ८ चे दोन टक्के काढून ७.८४ असा हिशेब करील आणि पुढच्या तक्त्यात ६ दिसल्यावर पूर्ण अहवालाविषयीच शंका घेईल. येथे 'फेल बाय टू पर्सेंटेज पॉइंट्स' हवे; पर्सेंटेज पॉइंट म्हणजे दोन टक्केवारींची सरळ वजाबाकी. सुधारणा ठळक करायची असेल तर 'फेल बाय ट्वेंटी-फाइव्ह पर्सेंट' हेही खरे आहे, कारण २ हे ८ चे पंचवीस टक्के होतात; मात्र त्यापुढे 'फ्रॉम एट पर्सेंट टू सिक्स पर्सेंट' जोडलेच पाहिजे, नाहीतर तो आकडा फुगवल्यासारखा वाटतो. बँकिंगमध्ये याच कारणासाठी बेसिस पॉइंट वापरतात. शंभर बेसिस पॉइंट म्हणजे एक पर्सेंटेज पॉइंट. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आणला, तेव्हा मराठीत आपण 'पाव टक्का कपात' म्हणालो आणि कोणाचा गैरसमज झाला नाही. इंग्रजी पत्रात मात्र 'ट्वेंटी-फाइव्ह बेसिस पॉइंट्स' लिहिणेच सुरक्षित.

'बाय' आणि 'टू' यांची अदलाबदल ही दुसरी नेहमीची चूक. '२० टक्क्यांनी' आणि '२० टक्क्यांवर' यांत आपण बोलताना कधी चुकत नाही, आणि तोच भेद या दोन छोट्या शब्दांवर अवलंबून आहे. वाढ सांगताना आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे दिले, तर शब्द चुकला तरी अर्थ वाचतो.

तिप्पट म्हणायचे असेल तेव्हा 'थ्री टाइम्स मोअर दॅन' टाळावे, कारण काही वाचक त्याचा अर्थ मूळ अधिक तिप्पट, म्हणजे चौपट, असा घेतात. 'थ्री टाइम्स अ‍ॅज मेनी अ‍ॅज' यात वाद उरत नाही. 'थ्री टाइम्स लेस' तर लिहूच नये. 'वन-थर्ड ऑफ' लिहावे.

गुणोत्तरात क्रम आणि एकूण संख्या यांची गल्लत होते. सदोष आणि चांगल्या नगांचे गुणोत्तर १:९ असेल, तर दर दहा नगांत एक सदोष असतो. तरीही त्याचे 'वन इन नाइन' असे रूपांतर केलेले सर्रास दिसते. हे 'वन इन टेन' किंवा 'टेन पर्सेंट ऑफ ऑल पीसेस' आहे.

कोटेशन पाठवणाऱ्यांनी नफ्याच्या टक्क्याकडे विशेष लक्ष द्यावे. ८० रुपयांचा माल १०० रुपयांना विकला, तर विक्री-किमतीवर मार्जिन २० टक्के आणि खरेदी-किमतीवर मार्कअप २५ टक्के होतो. 'ट्वेंटी पर्सेंट प्रॉफिट' एवढेच लिहिले तर दोन्ही बाजू आपापल्या कॅल्क्युलेटरवर बरोबर ठरतात आणि भांडण मिटत नाही. १८ टक्के जीएसटीसह ११८० रुपये ही किंमत असताना ११८० चे १८ टक्के वजा करणेही असेच चुकीचे. मूळ किंमत १००० आहे, ९६७.६० नव्हे. म्हणून 'प्लस जीएसटी' की 'इन्क्लुझिव्ह ऑफ जीएसटी' हे त्याच ओळीत असावे.

व्याकरणापुरते थोडक्यात: 'टेन पर्सेंट्स' असे अनेकवचन लिहू नये, संख्या नसेल तेथे 'पर्सेंटेज' वापरावे, आणि क्रियापद मागच्या नामाप्रमाणे ठेवावे, जसे 'ट्वेंटी पर्सेंट ऑफ द स्टॉक इज', पण 'ट्वेंटी पर्सेंट ऑफ द ऑर्डर्स आर'.

मूळ संख्या लहान असेल तर टक्केवारी लिहूच नये, असे माझे मत आहे. दोन ऑर्डरींच्या तीन झाल्या, तर 'फिफ्टी पर्सेंट ग्रोथ' हे खोटे नाही, पण ग्राहकाने मूळ आकडे विचारले की उत्तर देणाऱ्याची पंचाईत होते. तेथे 'फ्रॉम टू ऑर्डर्स टू थ्री' एवढेच लिहावे.