पोर्शे वळणात सरळच जाते? ब्रेक असा सोडा

कार रेसिंगच्या सिम्युलेटरमध्ये पोर्शे ९११ जीटी३ घेतली की दोनच गोष्टी होतात: वळणात नाक सरळ जातं, नाहीतर शेपूट फिरून गाडी उलट्या तोंडाची उभी. लालबागच्या खोलीत बसून मी बेल्जियममधल्या स्पा या रेसट्रॅकच्या पहिल्याच वळणावर, ला सूर्सला, महिनाभर हेच केलं.

१. जोराचा ब्रेक सरळ रस्त्यावरच मारा.
२. स्टिअरिंग वळवताना ब्रेक एकदम सोडू नका. जसं स्टिअरिंग वळेल तसा पाय हळूहळू उचला. वळणाच्या आतल्या टोकापर्यंत किंचित दाब राहू द्या. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, त्यामुळे पुढचं टोक हलकं. हा उरलेला दाबच पुढच्या टायरांना पकड देतो.
३. स्टिअरिंग सरळ व्हायला लागलं की ॲक्सिलरेटर वाढवत न्या. इथे मागचं वजन तुमच्या बाजूचं.

लादीवर पेडल सरकत असेल तर यातलं काहीच जमणार नाही. मी पेडल आणि भिंतीच्या मध्ये पोळपाट अडकवलाय. आई वैतागली ते वेगळं.

आणि वेगात, वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटर झटकन सोडू नका. शेपूट लंबकासारखं झुलतं, मग उलटं स्टिअरिंग मारूनही बहुतेक वेळा उशीरच झालेला असतो.