गोझे बिअरमध्ये मीठ किती घालावे?

लाइपझिगची गोझे ही गव्हाची आंबट बिअर घरी करताना धने भरडून घालणे मराठी हाताला अवघड नाही. फसते ते मिठाचे माप, कारण २० लिटरच्या पिंपात जास्त पडलेले मीठ परत काढता येत नाही. म्हणून मीठ सुरुवातीच्या उकळीत न घालता, आंबण्याची क्रिया पूर्ण झाल्यावर आणि बाटल्या भरण्यापूर्वी पुढील रीतीने ठरवावे.

१. १० ग्रॅम मीठ उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून द्रावण बरोबर १०० मिलिलिटर करावे.

२. चार पेल्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर बिअर घेऊन एक पेला तसाच ठेवावा आणि बाकीच्यांत औषधाच्या सिरिंजने अर्धा, एक व दीड मिलिलिटर द्रावण घालावे. येथे एक मिलिलिटर म्हणजे लिटरमागे १ ग्रॅम, अर्थात पूर्ण पिंपाला २० ग्रॅम मीठ.

३. क्रम न सांगता पेले मित्रासमोर ठेवावेत. माझा मित्र ताकातही मीठ वरून मागणारा असल्याने मी त्याच्या पसंतीच्या एक पायरी खाली थांबतो.

त्या संध्याकाळी चाखण्यासाठी आयपीए किंवा स्टाउट यांसारखी कडवट बिअर आणली असेल तर ती नंतरच उघडावी, कारण कडवटपणा जिभेवर बसला की मिठातला एवढा बारीक फरक कळत नाही.

फसफसणाऱ्या, गॅस धरलेल्या बिअरमध्ये कोरडे मीठ कधीही टाकू नये. क्षणात फेस उसळून निम्मी बाटली टेबलावर येते.