गुड की वेल? इंग्लिश विशेषण-क्रियाविशेषणाचा घोळ कसा टाळायचा

'ही प्लेज गुड' असं तोंडातून सटकन निघून जातं ना, त्यात आपल्या मराठीचाच हात आहे. आपण 'चांगला मुलगा' म्हणतो आणि 'मुलगा चांगला खेळतो' पण म्हणतो, शब्द तोच, आणि खेळणारी मुलगी असली की तेच क्रियाविशेषण 'चांगली' होऊन बसतं. इंग्लिशमध्ये हे चालत नाही, तिथे 'गुड बॉय' पण 'ही प्लेज वेल'.

म्हणून आधी बघायचं की शब्द कशाबद्दल सांगतोय. माणूस किंवा वस्तू कशी आहे हे सांगत असेल तर विशेषण, काम कसं झालं हे सांगत असेल तर क्रियाविशेषण. 'अ स्लो ट्रेन', पण 'द ट्रेन मूव्ह्ड स्लोली'. दुसऱ्या विशेषणाला जोर द्यायचा असेल तरी क्रियाविशेषणच, म्हणजे 'रिअली टायर्ड', 'रिअल टायर्ड' नाही (अमेरिकन लोक बोलताना म्हणतात, पण लिहिताना नको).

आता लुक, स्मेल, टेस्ट, फील ही मंडळी. यांच्यापाशी भलेभले अडकतात, पण इथे मात्र मराठी कामाला येते. आपल्याकडे दिसणं वेगळं आणि बघणं वेगळं, वास येणं वेगळं आणि वास घेणं वेगळं, इंग्लिशमध्ये दोन्हीला एकच शब्द. तर मनात 'दिसतं, वास येतो, चव लागते, वाटतं' असं आलं की विशेषण टाका, 'बघतो, हुंगतो, चाखतो, चाचपतो' असं आलं की क्रियाविशेषण. 'शी लुक्ड अँग्री' म्हणजे ती रागावलेली दिसली, 'शी लुक्ड अँग्रिली ॲट द डोअर' म्हणजे तिने दाराकडे रागाने बघितलं. तरी शंका राहिली तर क्रियापद काढून 'इज' किंवा 'वॉज' घालून बघा, 'द सूप टेस्ट्स गुड' चं 'द सूप इज गुड' होतं, अर्थ टिकतो, म्हणजे विशेषण बरोबर. म्हणूनच वाईट वाटलं तर 'आय फील बॅड', बॅडली नाही. फक्त तब्येत बरी असेल तर 'आय ॲम वेल' चालतं, तिथे वेल हेच विशेषण आहे.

शेवटी 'ली' दिसलं की क्रियाविशेषण असंही धरून चालू नका, फ्रेंडली, लव्हली, लोनली ही विशेषणं आहेत. उलट फास्ट दोन्हीकडे तसंच राहतं, 'फास्टली' असा शब्दच नाही. हार्डचं जरा सांभाळून, 'आय वर्क्ड हार्ड' म्हणजे राबलो, आणि साहेबांना मेलमध्ये 'आय हार्डली वर्क्ड' लिहिलंत तर जेमतेमच काम केलं हे तुम्ही स्वतःच कबूल केलंत.