तान्ह्या बाळाचा डोळा लाल दिसला तर

आमच्या इंदूरात बाळाचा डोळा लाल झाला की घरातली आजी आधी काजळाची डबी काढते, नाहीतर गुलाबजल, नाहीतर आईचं दूध, आणि कुणी दुखावू नये म्हणून आपण गप्प बसतो. पण यातलं काहीच डोळ्यात घालू नका, अगदी शुद्ध तुपाचं घरचं काजळ असलं तरी. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून नाकाकडून कानाकडे एकदाच पुसायचं, दर वेळी नवीन कापूस, दुसऱ्या डोळ्याला वेगळा.

जन्मानंतर पांढऱ्या भागात लालभडक ठिपका दिसतो तो बहुतेक वेळा प्रसूतीतल्या दाबाने आलेला असतो, 1-2 आठवड्यात आपोआप जातो, तरी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. पण पहिल्या 28 दिवसांत डोळा लाल, सुजलेला आणि पू येतोय तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी जा.

नखाचा ओरखडा फार कॉमन. बाळ सारखं रडतं, तो डोळा उघडत नाही, पाणी गळतं, मग चोळू देऊ नका आणि दाखवाच. मेडिकलवरून स्वतःच ड्रॉप आणू नका हो, त्यात स्टेरॉइड असलं तर इन्फेक्शन वाढू शकतं. नखं बाळ झोपलं की कापायची, सोपं जातं.

आणि रंगपंचमीला राजवाड्याची गेर, म्हणजे रंग-गुलाल उधळत निघणारी मिरवणूक, बघायला तान्हं घेऊन जाऊच नका. गुलाल गेलाच डोळ्यात तर 15 मिनिटं स्वच्छ पाण्याची बारीक धार सोडा, मग लगेच डॉक्टरकडे.